लेकीच्या वयाची पुस्तकं वाचणाऱ्या ताईंना

या वेळी एकच पत्र घेतलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून नाव नाही. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘मी केज तालुक्यातली. लेक अकरावीला आहे. तिच्या नीटच्या क्लाससाठी आम्ही दोघी लातुरात खोली करून राहतो. मालक गावाकडं शेती बघतात. आमच्या आधी या खोलीत राहिलेल्या मुलीनं जाताना पुस्तकांचं एक खोकं सोडलं होतं. घरमालकीणबाई रद्दीत घालणार होत्या, मी मागून घेतलं. लेक क्लासला गेली की वाचत बसते. सगळी पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींची पुस्तकं आहेत, काही इंग्रजीतून मराठीत आणलेली. मला नादच लागलाय. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “शिंगं मोडून वासरात शिरलाव की हो!” तेव्हापासून मी पुस्तकाला लेकीच्या जुन्या टेस्ट पेपरचं कव्हर घालते. लेक म्हणते, मैत्रिणी आल्या की ते लपवत जा. मालक फोनवर म्हणाले, “तिथं पोरीला अभ्यासाला बसवाय गेलीस का गोष्टी वाचाय?” माझं लग्न दहावीची परीक्षा झाली की लगेच झालं. निकाल सासरी कळला. आता वय पस्तीस. एका पुस्तकात बाप पोरीच्या दाराबाहेर बसून तिची माफी मागतो. ते पान पुन्हा पुन्हा वाचते आणि रडू येतं. पुस्तकातली मुलगी आईला मनातलं सांगते, माझी लेक मला काहीच सांगत नाही. काही पुस्तकांत मुलामुलींचं प्रेमही आहे. या वयात हे शोभतं का? माझी वाढ खुंटली आहे का? वाचणं सोडून देऊ का?’

ताई, सोडू नका. बाकी काय लिहायचं ते पुढे लिहिते, पण हे आधी सांगते, कारण तुम्ही उत्तराची वाट बघत खोकं बांधून ठेवलं असेल अशी मला धास्ती आहे. असेल तर आजच सोडा.

तुमच्या पत्रातलं ‘निकाल सासरी कळला’ हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मी तिथंच थांबले. परीक्षेचा शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यात जे दोन-तीन महिने असतात, त्यांत तुमच्या वर्गातल्या मुलांनी क्रिकेट खेळलं असेल, कुणी मामाच्या गावाला गेलं असेल, कुणी पुढं काय करायचं यावरून घरात भांडलं असेल. तुमचे ते महिने हळदीत आणि दुसऱ्याच्या घरची भांडी कुठल्या फळीवर असतात ते शिकण्यात गेले. सोळाव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल जे प्रश्न पडतात ते पडायला तुम्हाला कुणी सवडच दिली नाही. ते प्रश्न आता खोक्यातून बाहेर येतायत. याला वाढ खुंटणं कसं म्हणायचं? तुमची वाढ दुसऱ्यांनी घाईनं उरकली होती. आता तुम्ही ती तुमच्या तुम्ही करून घेताय.

आणि यात तुम्ही एकट्या नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. तुमच्या बीड जिल्ह्यात आणि परभणीत हा आकडा 40 टक्क्यांच्या वर होता. या सगळ्या जणींच्या आयुष्यात तीच दोन-चार वर्षं गाळलेली आहेत. तुमच्या बिल्डिंगमध्ये क्लासच्या मुलांसाठी खोल्या करून राहणाऱ्या ज्या आया आहेत, त्यांच्यातल्या किती जणींचा दहावीचा निकाल सासरी कळला होता, कधी विचारून बघा. ज्या बाईंनी तुम्हाला वासरात शिरलाव म्हटलं, त्यांनाही विचारा. मला वाटतं त्या हसल्या त्यात थोडा मत्सरही होता. तुमच्याकडं काहीतरी आहे, जे स्वयंपाक, डबा आणि क्लासची फी यांच्या बाहेरचं आहे, हे त्यांनी ओळखलं.

आता मोठ्यांनी मुलांची पुस्तकं वाचण्याबद्दल. हा प्रश्न जगभर विचारला गेलाय. इंग्रजीत या पुस्तकांना यंग अडल्ट म्हणतात आणि साधारण 12 ते 17 वयाच्या वाचकांसाठी ती काढतात. 2012 साली अमेरिकेत एका बाजार-पाहणीत दिसलं की ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांत 55 टक्के लोक अठराच्या पुढचे होते, त्यातही सगळ्यात मोठा गट 30 ते 44 वयाचा, आणि त्यातले बहुतेक जण स्वतः वाचायलाच घेत होते. म्हणजे अगदी तुमचं वय. दोन वर्षांनी तिथल्याच एका लेखिकेनं लिहिलं की मोठ्या माणसांना मुलांसाठी लिहिलेलं वाचायची लाज वाटायला हवी. त्यावर मोठं वादळ उठलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं की या पुस्तकांत शेवट नीटनेटके असतात, सगळ्याचं उत्तर मिळतं, आणि प्रौढ आयुष्य तसं नसतं. या म्हणण्यात तथ्य आहे. काही पुस्तकं खरंच तशी असतात. पण मोठ्यांसाठी म्हणून छापलेल्या कादंबऱ्याही ढिगानं तशाच असतात आणि त्या वाचल्या म्हणून कुणी कुणाला लाज बाळग म्हणत नाही. दुपारी घरोघरी चालणाऱ्या मालिकांना तर शेवटच नसतो.

तुमचं टेस्ट पेपरचं कव्हर वाचून मला लंडनच्या प्रकाशकाची आठवण झाली. हॅरी पॉटरची पुस्तकं मोठी माणसं ऑफिसला जाता-येता वाचायला लागली, तेव्हा त्या प्रकाशकानं 1998 पासून त्याच पुस्तकाच्या मोठ्यांसाठी वेगळ्या कव्हरच्या आवृत्त्या काढल्या. आत एक अक्षर बदललेलं नव्हतं. लाजेचा बंदोबस्त प्रकाशकालाच करावा लागला, मोठ्या वयाचे वाचक इतके होते.

एवढ्या लांबही जायला नको. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते आज आपण मुलांच्या हातात देतो, पण पुस्तकात श्याम आपल्या लहानपणाच्या आठवणी कुणाला सांगतो ते आठवा. आश्रमातल्या आपल्या सोबत्यांना, रोज रात्री प्रार्थना झाल्यावर, बेचाळीस रात्री. ऐकणारे काही बालवाडीतले नाहीत. दिवसभराचं काम करून आलेले लोक एका मुलाचं रुसणं आणि चुका करणं ऐकायला बसतात आणि त्यांना ते आपल्या कामाचं वाटतं.

शिवाय ही पुस्तकं लिहितं कोण? मोठीच माणसं. भारत सासणे आपल्या जालन्यात जन्मले. मोठ्यांसाठी कथा लिहून नावाजले, 2022 साली उदगीरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या मुलांच्या कादंबरीला 2024 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. सत्तरी ओलांडलेला लेखक मुलांसाठी भूतबंगला उभा करू शकतो, तर पस्तिशीतल्या बाईनं त्यात शिरायला हरकत कुणाची?

आता त्या पानाबद्दल. बाप दाराबाहेर बसून माफी मागतो ते पान. मला तुमच्या पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर वाटला. सोळा वर्षांची मुलगी ते पान वाचेल तेव्हा ती दाराच्या आत असेल. बाप किती वेळ बसतो, काय बोलतो, दार उघडायचं की नाही, एवढंच तिला दिसेल. तुम्ही वाचता तेव्हा दाराच्या आतही असता आणि बाहेरही. आत असताना तुम्हाला आठवतं की तुमच्या दाराबाहेर असं कुणी बसलं नव्हतं. बाहेर असताना तुम्ही त्या बापाच्या जागी बसता आणि बघता की माफी मागणं किती अवघड आहे, शब्द कसे सापडत नाहीत, गुडघे कसे अवघडतात. म्हणून तुम्हाला ते पुन्हा पुन्हा वाचावं लागतं, एका वाचनात दोन्ही बाजू मावत नाहीत. ही वाचनाची समज आहे आणि ती तुमच्याकडं वयामुळेच आली. तुमच्या लेकीला हेच पान आज दिलं तर ती ते एकदा वाचून पुढं जाईल, आणि तिच्या वयाला तेच बरोबर आहे.

रडू येतं म्हणालात. येऊ द्या. त्या रडण्यातून उठून तुम्ही भाकरी थापता, लेकीचा डबा भरता, म्हणजे त्याची काळजी करण्यासारखं काही नाही. पण रडणं दिवसभर पुरायला लागलं, रात्रीची झोप उडाली, कशातच मन लागेना, तर 14416 वर फोन करा. ही मनाच्या त्रासासाठी असलेली सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. काही किशोर कादंबऱ्यांत अत्याचार, आत्महत्या असलेही विषय असतात. एखादं पुस्तक सोसेना तर मिटून बाजूला ठेवा. सुरू केलं म्हणून संपवलंच पाहिजे असं काही नसतं.

प्रेमाचं. शोभतं. पंधरा-सोळाच्या मुलामुलींचं प्रेम चांगल्या लेखकानं लिहिलं असेल तर त्यात पुष्कळसं अडखळणं, गैरसमज आणि वाट बघणं असतं. तुम्हाला त्यात नेमकं काय आवडतं ते तुम्हीच पत्रात पुढं लिहिलंय, ‘तो मुलगा तिला सारखं विचारतो, तुला काय वाटतं?’ हे आवडण्यात चोरटं काही नाही. तुम्हाला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आणि आपल्याला तो आवडतो हे पस्तिशीत कळलं, तर मालकांना फोनवर तुम्ही सांगू शकता, अधूनमधून मलाही विचारत जा म्हणून. मालकांचं पुढं लिहितेच.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्या बाजूनं नाही. पुस्तकातली मुलगी आईला सगळं सांगते आणि माझी लेक सांगत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ताई, पुस्तकातली मुलगी लेखकानं बोलकी केली म्हणून बोलते. ती बोलली नाही तर कादंबरी पुढं सरकणार नाही. तुमची लेक सकाळी सहाला उठून क्लासला जाते, दर आठवड्याला तिची टेस्ट होते, निकालाचा कागद भिंतीवर लागतो, गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न मार्कांचा असतो. त्यात एका खोलीत चोवीस तास आई समोर. तिला गप्प बसायला दुसरी जागाच नाही, म्हणून ती तुमच्यासमोर गप्प बसते. तिला त्या पुस्तकातल्या मुलीशी तोलू नका. ‘बघ, ही कशी आईला सांगते’ हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. पुस्तकातला उतारा तिला वाचून दाखवू नका, त्यातून तिच्यासाठी बोध काढू नका, आणि आजकालच्या पोरींच्या मनात काय असतं ते कळावं म्हणून तर मुळीच वाचू नका. ज्या दिवशी तुम्ही ही पुस्तकं लेकीवर पाळत ठेवायला वापराल, त्या दिवशी ती तुमची राहणार नाहीत आणि तिचीही होणार नाहीत.

मैत्रिणींसमोर लपव म्हणाली, त्याचं मनाला लावून घेऊ नका. त्या वयात आईचं सगळंच लाजेचं वाटतं, आईचं हसणं, आईची पिशवी, आईनं मैत्रिणीला ‘जेवलीस का गं’ विचारणं. तिला एवढंच सांगा की मी लपवणार नाही, पण तुझ्या मैत्रिणी असताना वाचत बसणारही नाही. ही तडजोड आहे, आणि दोघींना एका खोलीत दोन वर्षं काढायची आहेत. ते टेस्ट पेपरचं कव्हर मात्र काढाच. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. आपले मार्क लिहिलेला कागद आईच्या हातात रोज दिसणं कुठल्याही मुलीला नको असतं.

अजून एक विचारायचं राहिलं. लेकीला तुम्ही ‘दोन वर्षं अवांतर वाचन बंद’ असं सांगितलंय का? पत्रात नाही, पण लातुरात खोली केलेल्या बहुतेक घरांत हा नियम असतो. असेल तर तिला राग का येतो ते समजून घ्या. आई बसून गोष्टी वाचते आणि तिच्या वाट्याला फक्त जीवशास्त्राचे एमसीक्यू. रविवारची टेस्ट झाली की तासभर तिलाही मोकळा द्या. ती वाचेल, झोपेल, नाहीतर मोबाईल बघेल. काय करायचं ते तिला ठरवू द्या. एका तासानं मेडिकलची सीट जात नाही.

मालकांशी भांडू नका आणि माफीही मागू नका. ते शेतात एकटे आहेत, दोन ठिकाणचा खर्च त्यांच्या डोक्यावर आहे, त्यांना भीती वाटते की तिकडं सगळं नीट चाललंय का. त्या भीतीला उत्तर द्या. लेक किती वाजता उठते, काय जेवते, टेस्ट कशी गेली ते सांगा, आणि मग सरळ सांगा की ती क्लासला असते तेव्हा मी वाचते. रिकाम्या खोलीत भिंतीकडं बघत बसल्यानं पोरीचे मार्क वाढत नाहीत, हे त्यांनाही कळेल. पुढच्या वेळी ते डाळ-ज्वारी घेऊन आले की त्यांना एखादी गोष्ट वाचून दाखवा. गंमत म्हणून नाही सांगत. दिवसभर राबलेल्या माणसाला कुणी वाचून दाखवलेलं फार आवडतं आणि मागायला मात्र तो लाजतो.

लोक तुम्हाला सांगतील, एवढं वाचता तर बारावी तरी करा. करायची असेल तर जरूर करा, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. पण वाचायची परवानगी मिळावी म्हणून परीक्षा देऊ नका. तुमच्या वाचनाला कशाचा तरी उपयोग दाखवायची गरज नाही, तुम्हाला ते आवडतं एवढं कारण पुष्कळ झालं.

खोकं कधीतरी संपेल, त्याची सोय सांगते. ‘किशोर’ मासिक बालभारती 1971 पासून काढते, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोबाईलवर फुकट वाचता येतात. त्यातल्या जुन्या अंकांत मोठमोठ्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेलं सापडतं. सासण्यांचं वर सांगितलंच. ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’ मिळवा. धरणामुळं गाव सोडावं लागणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. जायकवाडी धरणात आपल्याकडची गावं गेली, तुमच्या माहेरच्या किंवा सासरच्या नात्यात कुणीतरी पैठणकडचं असेलच, त्यांना ती ओळखीची वाटेल. आणि मला स्वतःला कधीपासून एक कादंबरी वाचायची आहे, जी माझ्या अजून हाती लागली नाही. दसरा झाला की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला जातात आणि आजीजवळ राहिलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घर, शाळा आणि धाकटा भाऊ सांभाळते, तिची. केज-धारूरकडं अशा मुली घरोघर आहेत. तुम्ही त्या मुलींमध्ये वाढलात. तुमच्या पत्रातलं खोलीचं वर्णन, गॅसशेजारी उघडं पुस्तक आणि पानाला लागलेलं पीठ, हे वाचताना मला वाटून गेलं की यांनी थोडं लिहूनही बघावं. घाई नाही. पाठवावंसं वाटलं तर पाठवा.

ग्रंथालयाचं शेवटी. लातुरात सार्वजनिक वाचनालयं आहेत, बहुतेकांत मुलांचा वेगळा विभाग असतो. तिथं तुम्हाला ‘मुलाचं नाव सांगा’ म्हणतील. स्वतःच्या नावानं सभासद व्हा आणि मला या कपाटातली पुस्तकं हवीत म्हणून सांगा, ती द्यायला त्यांची ना नसते. ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स जवळ ठेवा. खोली भाड्याची असल्यामुळं पत्त्यासाठी घरमालकीणबाईंची चिठ्ठी मागू शकतात. त्यांनी खोकं दिलंय, चिठ्ठीही देतील. महिन्याची वर्गणी थोडी असते, अनामत मात्र एकदम भरावी लागते. बारावीनंतर लातूर सोडाल तेव्हा ती परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा.